मागच्या खोलीचं गाऱ्हाणं

दुधाला कोर्टाची शिस्त नसते, हे मला भर उलटतपासणीत कळलं.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात लवू उभा होता. मथुराकाकीच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर दगडांच्या भिंतीचा गडगा घालून मोकळा झालेला लवू तो हाच. मथुराकाकी माझी पक्षकार. गडगा झाल्यापासून ती बिचारी डोक्यावर बाजाराची पिशवी घेऊन व्हाळाच्या पाण्यातून घरी जात होती. लवूला गोल गोल फिरवत मी शेवटच्या प्रश्नाशी आणलं होतं. "ही वाट तुमच्या वडलांच्या वेळेपासून..." एवढं बोलले, आणि मागच्या बाकावरून माझी मुलगी रडली.

मुलीचं नाव कागदावर तन्वी, सगळ्यांच्या तोंडात बाय. अजून नीट बसताही येत नाही, पण हट्ट पक्का. बाटली, चमचा, वाटी, कशाकशाला तिची संमती नाही. ती रडली, आणि माझा पांढरा शर्ट, त्यावरचा वकिली बँड, त्यावरचा काळा कोट या सगळ्यांनी एकदम कबुलीजबाब दिला.

"मॅडम, थोडा वेळ हवा होता," मी फाईल छातीशी धरून म्हणाले.

न्यायाधीश मॅडम नव्यानेच चंद्रपूरकडून बदलून आलेल्या. मी फाईल कुठे धरली आहे ते त्यांनी पाहिलं आणि काही न विचारता पुढची तारीख दिली. लवूचे वकील बाबली परब उठले आणि मोठ्या मनाने म्हणाले, "आमची काही हरकत नाही." एरवी पंखा लावायलाही हरकत घेणारा माणूस! त्या दिवशी त्यांनी हरकत घेतली असती तर मला कमी लागलं असतं.

लवू हसत खाली उतरला. मथुराकाकीने मला दारात गाठलं. "काय गो समीक्षा, जिंकलव काय?"

"नाय गो काकी. तारीख मिळाली."

"परत? अगो, व्हाळात पाय घसरान मी मेलंय तर ती वाट काय माझ्या तेराव्याक मिळतली?"

बायला घेऊन मी फेबीच्या गाडीकडे धावले. फेबी फर्नांडिस, माझी मैत्रीण, आमच्या बारमधली, म्हणजे वकील संघटनेतली, आणखी एक बाई. ती मागची सीट मोकळी करून देते, दोन्ही खिडक्यांना आमचे काळे कोट टांगते, आणि बाहेर बॉनेटला टेकून पहारा करते. आत भट्टी. बाय घामाने निथळत दूध पिते, मी घामाने निथळत तिला वारा घालते, आणि बाहेरून जाणारा प्रत्येक पक्षकार वाकून विचारतो, "आत कोण आसा? आरोपी?"

"पुढच्या तारखेला असंच झालं ना," मी आतून फेबीला म्हटलं, "तर मथुराकाकीचं वकीलपत्र तुझ्या नावावर करते. माझा कोट पेटीत."

"पिशी गो तू?"

पिशी, म्हणजे वेडी, नव्हते. सिद्धेश, माझा नवरा, बांद्याच्या शाळेत शिकवतो आणि शनिवारी घरी येतो. सासूबाई प्रेमळ आहेत, पण घर तळेऱ्याच्या पलीकडे आत, एसटी तिच्या मर्जीने येणार, आणि बाय तर दर दोन तासांनी आईला समन्स काढणार. तिला सोडून कोर्टात येता येत नव्हतं. तिला घेऊन यायचं तर बसायला जागा नव्हती. एवढाच माझा दावा.

आणि जागा तर होती! बाररूमच्या मागे एक खोली आहे. दारावर 'ग्रंथालय' अशी पाटी. आत पंखा, खिडकीतून आंब्याची सावली, आणि दाराला आतून कडी. दोन कपाटं भरून निकालांचे जाड खंड, जे आमच्या सभासदांपेक्षा वाळवीने जास्त वाचलेत. आणि मधोमध, देवासारखा, कॅरमबोर्ड.

बाबली परब बारचे अध्यक्ष. मी त्यांच्याकडे ती खोली मागितली होती. ते म्हणाले, "तुझी मागणी एकदम रास्त आसा. कमिटी नेमूया." कमिटी नेमली. कमिटीत चौघे, आणि चौघेही कॅरमचेच. रोज जेवणानंतर त्याच खोलीत कमिटी बसायची आणि राणी कोण घेणार याच्या पुढे विषय जायचा नाही.

आमच्या बारमध्ये नवीन काही करायचं म्हटलं की लोकांना घाम फुटतो. सगळ्यांकडे एकेक जुना नमुना, त्यावरून पुढचं सगळं. बाबलींच्या नमुन्याची तर कीर्ती अशी की एकदा त्यांच्या घटस्फोटाच्या अर्जात बायकोचं वर्णन 'पूर्वेस गडगा, पश्चिमेस सरकारी रस्ता, त्यातील झाडामाडांसह' असं गेलं होतं. बाईंनी म्हणे ते वाचून नवऱ्याला विचारलं, "आणि ह्या मिळकतीची वहिवाट कोणाची?"

मी मात्र हरिश्चंद्रकाकांची ज्युनियर. मुलाचं नाव हरिश्चंद्र ठेवावं आणि त्याने वकील व्हावं, यावर तालुका अजून हसतो. काकांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "वाटेचो दावो लिवशीत तर वाचणाऱ्याच्या पायाक काटो टोचूक होयो." म्हणून मथुराकाकीच्या वादपत्रात मी व्हाळ लिहिला, शेवाळ लिहिलं, डोक्यावरची पिशवी आणि पिशवीतला भिजलेला गूळही लिहिला. ते वाचून बाबली म्हणाले होते, "ह्या वादपत्र आसा काय नाटक?" काका म्हणाले, "तू वाचलंस मा पुरा? मगे झाला."

त्या दोघांचं जुनं आहे. एका गावच्या पालखीच्या मानावरून दोन घराण्यांत दावा लागला होता. तो बाबलींनी जिंकला आणि काका हरले. त्यानंतर कोर्टात आलेला असा एक ज्युनियर नाही, ज्याला बाबलींनी खांद्यावर हात ठेवून आपल्या युक्तिवादातलं ते एक वाक्य ऐकवलं नाही. ते पुढे येईलच.

मग बारची सत्यनारायणाची पूजा आली.

आमच्याकडे पूजा झाली की गाऱ्हाणं घालतात. एकाने देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचं, आणि प्रत्येक मागणीमागे सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" हे आम्हाला कोणी शिकवत नाही. ताप आला की अंग जसं कापतं, तसं गाऱ्हाण्याचा सूर कानावर पडला की तोंडातून 'व्हय म्हाराजा' येतं. मध्येच गप्प राहायचं नसतं. जो गप्प राहतो, त्याच्यावर उलटतं म्हणतात. फेबी तर सगळ्यांत मोठ्याने म्हणते. "आमच्या लिटनीत असाच आसता गो," ती म्हणते, "पाद्री एकेका संताचा नाव घेता, आमी मागसून एकच ओळ. कोणाचा नाव घेतल्यान ता घराक जाऊन आठवता."

बारचं गाऱ्हाणं दरवर्षी हरिश्चंद्रकाका घालतात. त्या दिवशी आरती झाली, न्यायाधीश मॅडम पहिल्या रांगेत येऊन बसल्या, सगळे हात जोडून उभे राहिले, आणि काकांनी गळ्याला मफलर गुंडाळून खूण केली. आवाज गेला.

"गेलो म्हणजे?" बाबली. "काल तर सरकारी वकिलावर वरडत होतास."

काकांनी मान हलवली. त्यामुळेच, असा त्याचा अर्थ.

मग जे झालं, ते फक्त वकिलांच्याच पूजेत होऊ शकतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. "तू घाल." "मी? माझ्याकडे नमुना खंय आसा?" "कोणाकडे जुना ड्राफ्ट आसा काय रे?" दोघातिघांनी मोबाईल काढले. बारच्या ग्रुपवर 'अर्जंट: गाऱ्हाणं फॉरमॅट' असा मेसेज पडला. खारेपाटणच्या एका वकिलाने तत्परतेने एक पाठवलं, पण ते गाईम्हशींच्या रोगराईचं निघालं. ते थोडं बदलून, म्हशींच्या जागी सभासद घालून वाचावं, अशीही सूचना आली.

काकांनी मफलरमधून बोट बाहेर काढलं आणि माझ्याकडे रोखलं.

"बाईमाण..." बाबली म्हणाले आणि थांबले. पहिल्या रांगेतून मॅडमनी वळून बघितलं होतं. "...माणसांमध्ये उत्साह आसा, चांगला आसा," असं काहीतरी करून त्यांनी वाक्य संपवलं.

माझे बाबा आमच्या गावाचं गाऱ्हाणं घालायचे. त्यांच्या पायजम्याला धरून मी मागे उभी असायचे. सूर कुठे उचलायचा, कुठे श्वास घ्यायचा, हे मला बाराखडीच्या आधी येत होतं. मी बायला कडेवर सावरलं, नारळाकडे तोंड केलं आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या कोर्टात बसणारे, उभे रवणारे, आणि नुसते तारखेक येणारे, अशा सगळ्या लेकरांनी केलेली ही सेवा मान्य करून घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाररूमची कौलं हलली.

"कोणाचो पक्षकार वाटेत दुसऱ्या वकिलान गाठलो आसात, तर तेका परत वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत मनापासून आलं.

"कोणाचो साक्षीदार फुटलो आसात तर तो सांध, कोणाची फाईल गावना नाय तर ती गावव, आणि ई-फायलिंगच्या सर्व्हरवर कोणाची वाईट नजर आसात तर ती काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणी नमुन्यातून अर्ज लिवताना बायकोच्या पूर्वेक गडगो घातलो आसात, तर तेका क्षमा कर रे म्हाराजा!"

हशा पिकला, पण हशातूनही आलं, "व्हय म्हाराजा!" बाबलीही हसले आणि म्हणाले. मॅडमना एव्हाना सूर सापडला होता. त्या हात उंचावून म्हणत होत्या.

बाय माझा बँड चोखत होती. मी मुद्दाम केलं का? एवढंच सांगते, की गाडीच्या भट्टीत बसून माणसाचा मसुदा आपोआप तयार होतो.

"आणि बा देवा म्हाराजा! मागच्या खोलयेत पंखो आसा, कडी आसा, आंब्याची सावळी आसा. ती खोली उद्यापासून लेकुरवाळ्या बायांका, मगे ती वकील असो, साक्षीदार असो, पोलीस असो नायतर आरोपी असो, पोराक पाजूक आणि निजवूक ह्या सगळ्यांनी मिळान दिली आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आलं. गाडा उतारावरून सुटावा तसं आलं. अर्ध्यांना काय म्हटलं ते कळलं नव्हतं, उरलेल्यांना कळेपर्यंत तोंड बंद झालं होतं. बाबलींना मात्र मधेच कळलं. मी पाहिलं, त्यांचे डोळे मोठे झाले. पण गाऱ्हाण्यात गप्प कसं राहणार? त्यांनी 'व्हय' म्हटलं, आणि 'म्हाराजा' कडू काढा गिळावा तसं गिळलं.

"आणि दिलेल्या ह्या शब्दापासून जो कोण मागे सरात, तेच्या राणीक जन्मात कधी कव्हर मिळा नये रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

मग एकदम सगळे बोलायला लागले. मी प्रसादाच्या टेबलाला टेकले.

"हा ठराव नाही!" बाबली. घाबरले की ते प्रमाण मराठीत येतात. "सभेची नोटीस नाही, विषयपत्रिका नाही. गाऱ्हाणं देवाला उद्देशून असतं. सर्वसाधारण सभेला नव्हे!"

"म्हणजे देवाला खोटं सांगितलंत?" फेबी म्हणाली.

"देव पक्षकार नाही!"

"सत्यनारायण समोर बसलोहा आणि तुमी म्हणतास पक्षकार नाय?"

बस्स, वकिलांना एवढं पुरे होतं. कोणी म्हणालं, संमती गाफीलपणे घेतली आहे. कोणी म्हणालं, गाफीलपणा हा बचाव नाही, आपण सगळे रोज गाफीलच असतो. प्रसादाचा शिरा निवत होता. इतक्या वर्षांत त्या बाररूममध्ये एवढा जिवंत युक्तिवाद झाला नसेल, आणि एकाच्याही हातात नमुना नव्हता.

शेवटी सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं.

"मी नाही बाप्पा," मॅडम म्हणाल्या. "मीही 'होय महाराजा' म्हटलंय. माझ्यासमोर हे प्रकरण चालूच शकत नाही."

तेव्हा हरिश्चंद्रकाका उठले. बोलले काहीच नाहीत. ज्युनियर वकील घोळका करून उभे होते, त्यांच्याकडे तोंड करून त्यांनी बँडमास्तरासारखे दोन्ही हात उचलले. आणि पोरांना बरोबर कळलं. प्रत्येकाच्या खांद्यावर कधी ना कधी बाबलींचा हात पडला होता. सगळ्यांनी एका सुरात ते वाक्य म्हटलं:

"देवासमोर गाऱ्हाण्यात उच्चारलेला आणि सर्वांनी 'होय महाराजा' म्हणून स्वीकारलेला शब्द हा उच्चारणाऱ्यांवर, त्यांच्या वारसांवर आणि त्यांच्या गैरसोयीवरही बंधनकारक आहे!"

पालखीच्या मानाच्या दाव्यातलं बाबली परबांचं वाक्य. त्यांनी जिंकलेलं. 'गैरसोयीवरही' हा शब्द त्यांचा स्वतःचा, नमुन्यात नसलेला, आयुष्यात त्यांना सुचलेला एकमेव. तो म्हणताना पोरांनी त्यांच्यासारखंच बोट वर केलं होतं.

बाबली उभे राहिले. चेहरा लाल. मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि ते खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसले.

"चेडवा," ते म्हणाले, "माझ्याच काठयेन माका मारलंस गो! बरा. पण माका सांग, कॅरम खंय ठेवतलंय?"

"ती अंमलबजावणी," मॅडम शिऱ्याचा द्रोण उचलत म्हणाल्या. "ती ज्याची त्याने बघायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिश्चंद्रकाका पट्टेवाल्यावर असे खणखणीत ओरडताना ऐकू आले की बाहेरचे कावळे उडाले. मी म्हटलं, "काका, घसा?"

"खयचो घसो?" ते म्हणाले आणि निघून गेले.

कॅरमबोर्ड खोलीतच राहिला, कारण दारातून निघेना. तो आत असताना कोणीतरी दार लहान केलं असावं. त्यावर मी गोधडी घातली. बायचा लंगोट बदलायला इतकी गुळगुळीत, चारी बाजूंनी कठडा असलेली जागा अख्ख्या जिल्ह्यात नसेल. बाबलींनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भिंतीला हात लावून उभे राहिले. 

हळूहळू खोलीत माणसं यायला लागली. साक्षीला आलेल्या बाया, एक महिला पोलीस शिपाई आपल्या जुळ्यांसह. एके दिवशी पोटगी मागणारी बाई आणि तिच्या विरोधात साक्ष द्यायला आलेली तिची नणंद, दोघी आपापलं पोर घेऊन एकाच पंख्याखाली बसल्या. तडजोड वगैरे झाली नाही. पण पोराचं पोट दुखलं तर ओव्याच्या पुरचुंडीने कसं शेकायचं, ते नणंदेने सांगितलं आणि मग बाहेर जाऊन तिच्याविरुद्ध साक्ष दिली. कमिटी जेवणानंतर यायचीच. आधी दार वाजवून, "येव काय गो?" असं विचारून. कॅरम नाही म्हटल्यावर करायचं काय? बायला खेळवायचं. तिला कोण हसवतो यावर त्यांच्यात पैजा लागायच्या. बाबली बहुतेक जिंकायचे.

मग मथुराकाकीची तारीख आली.

मी बायला पोटभर पाजलं, कोट चढवला, आणि प्रकरण पुकारल्यावर उभी राहिले. लवू पिंजऱ्यात चढला. मॅडमनी पाहिलं. "प्रतिवादीचे वकील?"

फेबी उठली. "मॅडम, परब वकील मागच्या खोलीत आहेत. समीक्षाची मुलगी त्यांच्या खांद्यावर झोपली आहे. ते हलले तर ती उठेल. म्हणून तारीख मागताहेत."

"माझी हरकत आहे!" मी म्हटलं.

फेबीने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी स्वतःच्या पोरीला रस्त्यावर ठेवते आहे. पण मागच्या बाकावर मथुराकाकी बसली होती, आणि तिची साडी पोटरीपर्यंत ओली होती.

"हरकत मान्य," मॅडम म्हणाल्या. "त्यांना बोलवा. पण हळू."

बाबली आले. पाय न वाजवता, पाण्यातून चालल्यासारखे. उजव्या खांद्यावर बाय, गाल चेपलेला, तोंड उघडं, काळ्या कोटावर दुधाचा पांढरा ओघळ. ते हळूच टेबलाशी उभे राहिले आणि ओठांवर बोट ठेवून अख्ख्या कोर्टाकडे पाहिलं. पट्टेवाल्याने पंख्याचा कटकट करणारा खटका बंद केला. मॅडम कुजबुजल्या, "चालू द्या."

मी कुजबुजले, "लवू, ही वाट तुमच्या वडलांच्या वेळेपासून होती की नाही?"

लवूने बाबलींकडे पाहिलं. बाबलींनी हरकतीसाठी छाती भरून घेतली. बायने झोपेत सुस्कारा टाकला. त्यांनी छाती हळूहळू रिकामी केली, आणि तिच्या पाठीवर थोपटत राहिले.

माणूस ओरडून कितीही खोटं बोलेल. पण सगळं कोर्ट श्वास धरून उभं असताना, झोपलेल्या पोराशेजारी, कुजबुजत खोटं बोलायला फार मोठी तयारी लागते. लवूची तेवढी नव्हती.

"व्हय," तो बारीक आवाजात म्हणाला. "होती. मथुराकाकी लग्न होऊन त्याच वाटेन घराक इली, असा बाबा सांगायचे."

टंकलेखिकेने एकेक अक्षर फुलासारखं ठेवलं. मथुराकाकीने पदर तोंडाला लावला. बाबली परबांनी डोळे मिटले, एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर डुलत, बायच्या कानापाशी तोंड नेऊन एवढंच म्हणाले:

"म्हाराजा."